साच्यात नसलेली बेटं

परवा रात्री पुतणी भूगोलाचा गृहपाठ करत बसली होती. यंदा दहावीला आहे. त्यांना भूगोलात भारत आणि ब्राझील आहे, ते तुम्हाला माहीत असेलच. प्लॅस्टिकचा साचा वहीवर ठेवला, पेन्सिल फिरवली, झाला भारत तयार. मग दोन्ही बाजूंना पेनाने टक टक टक करून ठिपके दिले. डावीकडे लक्षद्वीप, उजवीकडे अंदमान. अंदमान चेन्नईच्या इतकं जवळ की हर्णैच्या एखाद्या पोराने पोहत जावं.

म्हटलं, "अगं, हे किती आत आलं!"

"काका, साच्यात बेटं नाहीतच ना. सगळे असेच ठिपके देतात. मार्क मिळतात."

मी गप्प बसलो. कारण तिचं बरोबर होतं. साच्यात बेटं नाहीत. आणि आपल्या डोक्यातही नाहीत, हे मला त्या दिवसापासून टोचतंय. म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ असेल तर वाचा, नसेल तर रविवारी वाचा.

आधी अंतराचं. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून दिल्लीसुद्धा सरळ रेषेत त्याहून जवळ. तिथून ग्रेट निकोबारला बोटीने जायचं तर आणखी दीड-दोन दिवस. भारताचं दक्षिण टोक कोणतं, असं आपल्या कट्ट्यावर विचारलं तर दहातले आठ जण कन्याकुमारी सांगतील. ते मुख्य भूमीचं टोक. देशाचं टोक म्हणजे ग्रेट निकोबारवरचा इंदिरा पॉइंट, पूर्वीचा पिग्मेलियन पॉइंट. कन्याकुमारी आठ अंश उत्तरेला, हा पावणेसात. तिथून इंडोनेशियाचं सुमात्रा दीडेकशे किलोमीटरवर. म्हणजे तिथल्या माणसाला भारतापेक्षा इंडोनेशिया कितीतरी जवळ.

अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी बेटं आणि खडक मिळून ८३६, माणसं राहतात अशी फक्त ३१. म्यानमारमधली आराकानची डोंगररांग समुद्रात बुडाली आणि तिचे माथे वर राहिले, ती ही बेटं. देशातला एकमेव जागा ज्वालामुखी तिथे बॅरन बेटावर. आणि देशाचं जे सागरी आर्थिक क्षेत्र आहे, त्यातला तीस टक्क्यांच्या आसपास वाटा या ठिपक्यांमुळे मिळतो. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३ लाख ८० हजार. आपल्या एका मध्यम शहराएवढी.

आता आपण मराठी माणसं. आपल्यासाठी अंदमान म्हणजे एक इमारत. सेल्युलर जेल. तिथे सावरकर बंधू होते, आपण तिथे जाऊन डोकं टेकवतो, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो बघतो, दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) जाऊन पाण्यात डुंबतो, परत येतो. यात वाईट काही नाही. पण त्या तुरुंगाची भिंत उभी राहायच्या कितीतरी आधीपासून तिथे माणसं होती, आणि नंतरही आहेत. १८५९ मध्ये अंदमानच्या आदिवासींनी धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या वसाहतीवर चाल केली होती. अबरडीनची लढाई म्हणतात तिला. आपल्या सहलीच्या गाइडने तुम्हाला त्याबद्दल सांगितलं का? मला नव्हतं सांगितलं. १९४२ ते ४५ बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. १९४३ च्या डिसेंबरात नेताजींनी तिथे झेंडा फडकवला, हे आपल्याला माहीत असतं. त्याच जपान्यांनी १९४४ च्या जानेवारीत हम्फ्रीगंजला हेरगिरीच्या संशयावरून ४४ स्थानिक माणसांना गोळ्या घातल्या, हे माहीत नसतं. २०१० मध्ये बो नावाची भाषा बोलणारी शेवटची बाई तिथे वारली. एक अख्खी भाषा संपली. आपल्याकडे त्या आठवड्यात कशावर चर्चा चालली होती देव जाणे.

एक फॉरवर्ड दर दोन महिन्यांनी येतो, की कान्होजी आंग्र्यांचा तळ अंदमानात होता. अहो, कान्होजींचा दरारा खांदेरीपासून विजयदुर्गापर्यंत होता, इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांना त्यांनी सळो की पळो केलं. तेवढं पुरे नाही का? त्यात अंदमान कशाला चिकटवायचं? उलट एक खरी गोष्ट सांगतो. १७५५ मध्ये आपलं सुवर्णदुर्ग कमोडोर जेम्सने घेतलं, ते पेशव्यांशी हातमिळवणी करून, तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात. पुढच्याच वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं. आणि त्याच १७५६ मध्ये तिकडे डेन्मार्कने निकोबारवर आपला हक्क जाहीर केला. होय, डेन्मार्क. त्यांनी पुन्हा पुन्हा वसाहत करून पाहिली, हिवतापाने माणसं मेली, पुन्हा पुन्हा सोडून गेले. शेवटी १८६८ मध्ये इंग्रजांना विकून मोकळे झाले. आपलं आरमार बुडत होतं तेव्हा समुद्रावर कोण कोण हिंडत होतं, ते यावरून कळतं.

नावं बदलली जातात. २०१८ मध्ये तीन बेटांची बदलली, २०२३ मध्ये २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली. त्याला माझा विरोध नाही. वीरांची नावं द्यावीतच. पण नाव दिलं की आपलं काम संपलं असं वाटायला लागतं, तिथे माझी तक्रार आहे.

लक्षद्वीपचंच घ्या. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान तिथे जाऊन आले, मालदीवच्या मंत्र्यांनी काहीबाही लिहिलं आणि आठ दिवस आपण सगळे लक्षद्वीप-तज्ज्ञ झालो. माझ्या एका मित्राने 'मालदीव कॅन्सल, चलो लक्षद्वीप' असं स्टेटस ठेवलं होतं. त्याला विचारलं, परमिट लागतं माहितीये का? नव्हतं माहीत. ३६ बेटं, वस्ती दहांवर, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. आपल्या तालुक्यातल्या दोनचार गावांचं शिवार एकत्र केलं तर तेवढं भरेल. प्रवाळाची बेटं, समुद्रापासून उंची जेमतेम एक-दोन मीटर. गोडं पाणी म्हणजे पावसाचं जे वाळूत मुरतं ते, खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. जास्त उपसा केला की खारं वर येतं. किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मुरुड, कर्दे, लाडघर भागात पर्यटनासाठी बोअर मारत सुटलो आणि कुणाकुणाच्या विहिरी मचूळ झाल्या, ते आपण बघतोय. आपल्याला निदान वरून, डोंगराकडून पाणी आणता येतं. कवरत्तीला डोंगर नाही. तिथे २००५ मध्ये समुद्रातलं खोलचं थंड पाणी वर आणून त्याच्या साहाय्याने गोडं पाणी करायचा प्रकल्प उभारला, दिवसाला एक लाख लिटर. शास्त्रज्ञांचं काम खरंच चांगलं आहे. पण एक लाख लिटर म्हणजे टँकरच्या हिशेबात दहा. आणि बंगारामजवळचं परळी नावाचं एक निर्जन बेट धूप होऊन पाण्याखाली गेलं, तेही याच लक्षद्वीपमधलं. तिथे पन्नास रिसॉर्ट बांधा म्हणणाऱ्यांनी आधी पाणी कुठून आणणार ते सांगावं.

शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला १६६४ मध्ये. आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मालवणला जाऊन आलेल्या प्रत्येकाने त्या बघितल्यात, फोटो काढलेत. बेटाचा हिशेब पाण्यापासून सुरू होतो, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांना कळत होतं त्यांचे आपण वारस म्हणवतो.

पण खरं मला ग्रेट निकोबारबद्दल लिहायचंय. एवढा वेळ त्याच्याच भोवती घिरट्या घालतोय.

या बेटावर एक मोठा प्रकल्प मंजूर झालाय. २०२२ च्या ऑक्टोबरात वनखात्याची तत्त्वतः परवानगी, नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी. सुरुवातीचा अंदाज ७२ हजार कोटी. कंटेनर बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि एक नवं शहर. लागणारी जागा १६६ चौरस किलोमीटर, त्यातलं १३० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त जंगल, आणि सुमारे ८४ चौरस किलोमीटर आदिवासींचं राखीव क्षेत्र. झाडं किती जातील? सरकारने संसदेत दिलेला आकडा ९ लाख ६४ हजार. त्या बदल्यात झाडं कुठे लावायची ठरली? हरियाणात. मी चुकून नाही लिहिलं. विषुववृत्तीय सदाहरित जंगल तोडायचं निकोबारला आणि भरपाई हरियाणाला. उद्या कुणी म्हणालं दापोलीतली हापूसची बाग तोडा, तुम्हाला जैसलमेरला बाभळी लावून देतो, तर आपण काय म्हणू?

बेटाची सध्याची लोकसंख्या आठेक हजार. प्रकल्पाच्या कागदांत तीस वर्षांत साडेतीन लाख माणसांचं शहर धरलंय. म्हणजे आज सगळ्या अंदमान-निकोबारमध्ये मिळून जेवढी माणसं आहेत, जवळपास तेवढी त्या एका बेटावर.

आणि बेट कसलं? २६ डिसेंबर २००४ आठवतो? भूकंपाचं केंद्र सुमात्राजवळ, तिथून हे बेट हाकेच्या अंतरावर. लाट आली ती आलीच, पण त्याआधी जमीनच खचली. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ ज्या जमिनीवर होता, ती सव्वाचार मीटर खाली गेली. चौदा फूट! दीपस्तंभ आजही उभा आहे, पाण्यात. देशाचा सगळ्यात धोकादायक जो भूकंपप्रवण पट्टा, त्यात हे बेट येतं. त्याच दीपस्तंभापासून थोड्याच अंतरावर गॅलेथियाचा उपसागर आहे आणि बंदर तिथेच होणार आहे. (गॅलेथिया हे नावसुद्धा एका डॅनिश जहाजाचं, १८४६ मध्ये ते तिथे येऊन गेलं.)

या गॅलेथियाच्या वाळूत लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. आपल्याकडे वेळासला, आंजर्ल्याला जी येतात ती ऑलिव्ह रिडले, दोन-अडीच फुटांची. लेदरबॅक माणसाच्या उंचीएवढं, पाचशे किलोपर्यंत वजन. जगातलं सगळ्यात मोठं कासव. ती जागा १९९७ पासून अभयारण्य होती. २०२१ च्या जानेवारीत अभयारण्याचा दर्जा काढून टाकला. आणि गंमत अशी की, त्याच सुमारास, काही आठवड्यांच्या आत, केंद्र सरकारचाच सागरी कासवांचा कृती आराखडा आला आणि त्यात गॅलेथिया महत्त्वाची विणीची जागा म्हणून नोंदलेली आहे. एका टेबलावर जपायची जागा, दुसऱ्या टेबलावर बंदराची जागा. वेळासच्या लोकांनी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या मदतीने एकेक घरटं जाळी लावून राखलं. पहाटे उठून पिल्लं समुद्रात सोडली. आपल्या मुलांना घेऊन आपण कासव महोत्सवाला जातो ते त्यांच्यामुळे. त्या मुलांना हे कसं समजावून सांगायचं, ते मला येत नाही.

पण नुसती कासवं आणि झाडं असं करू नका. तिथे माणसं आहेत. जंगलात शोंपेन राहतात, २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २२९. बाहेरच्या जगाशी फार संबंध न ठेवणारी माणसं. साडेतीन लाखांचं शहर त्यांच्या शेजारी वसवलं तर साध्या सर्दी-तापाने त्यांचं काय होईल, याचा विचार करायला डॉक्टर असायची गरज नाही. आणि किनाऱ्यावर होते निकोबारी. त्सुनामीत त्यांची दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरची गावं गेली, वाचले त्यांना कॅम्पबेल बेजवळ तात्पुरत्या वस्तीत आणून ठेवलं. तात्पुरत्या म्हणजे किती, तर वीस वर्षं उलटली. ते सतत म्हणतायत, आम्हाला आमच्या जुन्या गावांना परत जाऊ द्या, नारळीच्या वाड्या परत लावू द्या. आणि प्रकल्पाच्या नकाशात त्यातल्या काही जागा येतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या आदिवासी परिषदेने ना-हरकत दिली होती. पूर्ण माहिती न देता घेतली, असं म्हणत नोव्हेंबरात त्यांनी ती मागे घेतली. मंजुरीची गाडी मात्र थांबली नाही.

इथे मला आज्ञापत्राची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेलं. त्यातला आरमारासाठी लाकूड तोडण्याचा भाग आपण सगळेच पर्यावरण दिनाला शेअर करतो. आंबा-फणस तोडू नका, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलीत, वगैरे. पण त्यातला दुसरा भाग आपण विसरतो. एखादं जुनं झाड लागलंच, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं, बळजबरी करू नये. आरमार तेव्हाही संरक्षणाचाच विषय होता. तरी राजी करून.

आता प्रतिक्रिया काय येणार ते मला माहीत आहे. देशाच्या सुरक्षेचं काय? चीनचं काय? प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीचं तोंड तिथून जवळ आहे, जगाचा केवढा व्यापार तिथून जातो. तिथे आपली नजर हवीच. म्हणून तर २०१२ मध्ये नौदलाने कॅम्पबेल बेला आयएनएस बाझ सुरू केलं. धावपट्टी वाढवा, जेट्टी बांधा, रडार लावा. माझ्यासारख्या माणसाचा त्याला पाठिंबा आहे. पण साडेतीन लाखांचं शहर, पर्यटन आणि कंटेनर बंदर याचा संरक्षणाशी संबंध कसा लावायचा? उलट धोक्याच्या टोकावर एवढी सामान्य माणसं नेऊन बसवली तर सैन्याचं काम सोपं होतं की अवघड?

दुसरा मुद्दा व्यापाराचा. आपला मोठ्या जहाजांतून छोट्या जहाजांत चढवला जाणारा माल, त्यातला सुमारे ७५ टक्के कोलंबो, सिंगापूर, क्लांग अशा परदेशी बंदरांवर हाताळला जातो. पैसा बाहेर जातो, हे खरं. पण त्यासाठीच केरळात विळिंजम उभं राहिलं, २०२५ च्या मे महिन्यात त्याचं उद्घाटनही झालं. पालघरला वाढवण होतंय, ७६ हजार कोटींचं, तिथल्या मच्छीमारांचा विरोध पत्करून. मग मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर, जिथे ना कारखाना ना बाजारपेठ, तिथे भूकंपाच्या फटीवर तिसरं कशाला, याचं उत्तर आकड्यांत द्यावं. ते मिळत नाही, कारण बरीच कागदपत्रं 'संरक्षण' या शिक्क्याखाली बंद आहेत. व्यापारी म्हणून मंजूर करायचं आणि विचारलं की संरक्षण म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही. हरित लवादाने २०२३ मध्ये मंजुरीत ढवळाढवळ केली नाही, फक्त समिती नेमली.

आणि कोर्टकचेऱ्यांनी काही होत नाही असंही समजू नका. अंदमानातली जंगलतोड आणि जारवांच्या राखीव क्षेत्रातून जाणारा ट्रंक रोड याविरुद्ध जे लोक कोर्टात गेले, त्यात पुण्याची कल्पवृक्ष आणि मुंबईची बीएनएचएस होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडीवर कडक बंधनं घातली आणि रस्त्याचा तो भाग बंद करायला सांगितला. रस्ता बंद झाला नाही, ते सोडा. सहलीच्या गाड्या अजून तिथून जातात आणि त्यात आपल्याकडच्याही असतात. पण पुण्या-मुंबईच्या माणसांनी त्या बेटांसाठी काही वर्षं खर्च केली, याचा मला अभिमान आहे. जेलच्या भिंतीपुढे उभं राहून वाटतो त्याहून कमी नाही.

आणखी एक धागा आहे, तो फार कमी जणांना माहीत आहे. १९६९ पासून पुढची दहाएक वर्षं केंद्र सरकारने माजी सैनिकांची ३३० कुटुंबं ग्रेट निकोबारला नेऊन वसवली. पंजाबी होते, तमिळ होते, मल्याळी होते आणि महाराष्ट्रातलीही होती. तेव्हा तिथे ना रस्ता ना दवाखाना. जंगल साफ करून त्यांनी नारळ-सुपारी लावली. २००४ मध्ये त्यांच्याही जमिनी समुद्राने घेतल्या. गांधीनगर, शास्त्रीनगर ही त्यांची गावं, आणि विमानतळासाठी नाव निघालंय ते याच भागाचं. आपल्या रत्नागिरी, सातारा, सांगलीकडे फौजेत गेलेल्या माणसांची घरं काही कमी नाहीत. त्यातलं कुणीतरी तिकडे गेलेलं असणार.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, भावकीत, गावात सत्तरच्या दशकात कुणी कॅम्पबेल बेला जमीन घेऊन गेलं असेल, पत्रं असतील, फोटो असतील, सुट्टीला आलेल्या काकांनी सांगितलेल्या गोष्टी आठवत असतील, तर मला लिहा. फोन नंबर वगैरे उघड्यावर टाकू नका, खासगी मेसेज करा. पुतणीच्या वर्गशिक्षकांशी मी बोललोय, दिवाळीच्या सुट्टीनंतर एक तास द्यायला ते तयार आहेत. मोठा नकाशा मी नेणार आहे, बेटं जागच्या जागी असलेला.